मिठाऐवजी स्पिरिट

आबा, तुम्ही त्या दिवशी रोह्याला पोहोचलात, हे आधी लिहून ठेवतो. कारण तुमच्याविषयीच्या बाकी सगळ्याच गोष्टींवर पुढे वाद झाला. तिकीट रोह्यापर्यंतचे होते, ते तुमच्या मुठीत होते, आणि गाडी स्टँडला लागली तेव्हा तुम्ही खिडकीशी ताठ बसलेले होतात. सगळे उतरले तरी तुम्ही उतरत नाही, हे पाहून कंडक्टर तुमच्यापाशी गेला आणि लगेच खाली येऊन टोपी काढून उभा राहिला. मी फलाटावर होतो. गाडीला उशीर झाला होता आणि त्याबद्दलची तुमची तक्रार ऐकून घेण्याची मनाची तयारी करीत होतो. पेणला तुम्ही स्वतःच्या पायांनी चढलात, याला साक्षीदार आहेत. वडखळला आपल्याच गावच्या एक बाई चढल्या. त्यांनी तुम्हाला जरा सरकायला सांगितले. तुम्ही सरकला नाहीत आणि उत्तरही दिले नाहीत. त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. “मुकादम कदी कुनासाटी सरकलेत?” असे त्या मला दहाव्याला म्हणाल्या. म्हणजे तुम्ही नेमके वडखळच्या अलीकडे गेलात की पुढे नागोठण्याच्या आसपास, हे केवळ तुमच्या स्वभावामुळे कायमचे अनिश्चित राहिले.

तुमच्या मांडीवर मिठाची पिशवी होती. कापडी, तोंड सुतळीने आवळलेली, आत तुम्ही मुकादम असलेल्या मिठागरातले जाडे मीठ. तुमची सून बारीक मिठाची पुडी वापरते हे ठाऊक असूनही तुम्ही प्रत्येक खेपेला ती पिशवी आणत असा. वरसे येथील आमच्या घराच्या माळ्यावर त्या पिशव्यांचा एवढा साठा झाला होता की एका पावसाळ्यात मिठाला पाणी सुटून भिंत ओली झाली, आणि नळ गळतो आहे अशा समजुतीने गवंड्याने चांगली पाइपलाइन फोडली. तुम्ही ती फोडलेली भिंत पाहिलीत, मिठाचा खडा जिभेवर ठेवलात आणि म्हणालात, “मीठ एक नंबर हाय. भिंतच कच्ची.”

एकट्याने प्रवास करताना अचानक गेलेल्या माणसाचे शवविच्छेदन करावे लागते, असा नियम आहे. ते कुठे झाले हे मी लिहीत नाही. तिथली माणसे सज्जन होती आणि फार दमलेली होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि तुमची पिशवी आता माझ्या मांडीवर होती. दार पुरते लागत नव्हते. आतून एकजण म्हणाला, “मीठ संपलाय रे.” दुसऱ्याने विचारले, “मग?” पहिला म्हणाला, “मग काय! स्पिरिट हाय ना, तेच घाल.” मीठ ऐकून मला वाटले की त्यांच्या डब्याविषयी बोलणे चालले आहे, स्पिरिट ऐकून वाटले, स्टोव्हविषयी. मी पिशवीची सुतळी नीट केली आणि बसून राहिलो.

आता त्या काचेच्या नळीविषयी लिहितो, कारण पुढचे सगळे तिच्याशिवाय कळणार नाही. आगरात खाडीचे पाणी घेतले की ते उन्हात आटत जाते, खारटपणा चढत जातो, आणि ठरावीक डिग्रीला मीठ धरते. ती डिग्री पाहण्यासाठी तुमच्याकडे खुणा केलेली, खाली शिशाचा गोळा असलेली एक नळी होती. पाणी जितके खारट तितकी ती वर तरंगते. साध्या पाण्यात शून्यापर्यंत बुडते. मुकादम म्हणून तुमचा सारा अधिकार त्या नळीत होता आणि तो तुम्ही आगरापुरता कधीच ठेवला नाहीत. मी दुसरीत असताना तुम्ही ती आईच्या आमटीत सोडल्याचे मला स्पष्ट आठवते. मी पाटावर बसलो आहे, आई चुलीशी आहे, नळी आमटीत तिरकी तरंगते आहे आणि तुम्ही डोळे बारीक करून वाचत आहात. “आज दोन डिग्री जास्त हाय.” आईने पळी हातात धरूनच उत्तर दिले, “बायकोच्या हातचं जिभेनं चाखावं. नळीनं चाखायचं आसंल तर आगरात जाऊन जेवा.” तुम्ही आगरात गेलात आणि तिन्हीसांजेला उपाशी परत आलात.

त्याच नळीने तुम्ही गावात एक वैरी कमावलात. दारूबंदीची धुरा तुम्ही आपण होऊन खांद्यावर घेतली होती, आणि खाडीकडेच्या झाडीत एकाची हातभट्टी होती. तुम्ही तिथे पोरे घेऊन गेलात, कॅन जप्त केलात, आणि ओतण्यापूर्वी सवयीप्रमाणे त्यात नळी सोडलीत. दारू पाण्यापेक्षा हलकी. तिच्यात नळी तळाला जायला हवी होती. ती शून्यावर आरामात तरंगत राहिली. तेव्हा तुम्ही दारूबंदी विसरलात. “लोकांकडून दारूचं पैसं घेतोस आणि पानी इकतोस? लाज नाय?” असे तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांसमक्ष ओरडलात. धंदा बुडाला तो पोलिसांमुळे नाही, त्या वाक्यामुळे बुडाला. त्या दिवसापासून त्या गृहस्थांना गाव ‘पाणीवाला’ म्हणू लागले आणि ते तुमच्यापुरते बोलायचे बंद झाले, अशी निदान माझी समजूत होती.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. मृत्यू हृदयक्रिया बंद पडून, विष नाही, इथपर्यंत ठीक. पुढे लिहिले होते की अवयवांच्या बरणीत इथिल अल्कोहोल मोठ्या प्रमाणात आढळले, आणि रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे एकोणतीस मिलिग्रॅम. पोलीस पाटलांनी तो कागद ओट्यावर मोठ्याने वाचला. दिवेलागणीपर्यंत तो आकडा खाडीपलीकडच्या गावांत गेला होता.

आबा, मी लाजेने मान खाली घालून बसलो असताना जे घडले, ते तुम्हाला रुचणार नाही. तुमच्या दहाव्याला आले त्याहून अधिक लोक अहवालानंतर भेटायला आले. तुम्ही ज्यांना बांधावरून हाकलले होते ते आले, ज्यांच्या वरातीतून तुम्ही बाटल्या उचलल्या होत्या ते आले, आणि सर्वांच्या पुढे, नारळ घेऊन, पाणीवाला आला. तो ओट्यावर बसला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला.

“आपलाच मानूस व्हता. आमालाच कळला नाय.”

“काका, काहीतरी चूक आहे,” मी म्हणालो.

“चूक कसली? एकोनतीस म्हंजे कायपन नाय. मापात घेतलेली हाय. मुकादमाचं माप कदी चुकलंय काय?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या अनुभवी मंडळींनी एकोणतीसचे पेल्यात किती होतात, याचा हिशेब सुरू केला आणि तो कोणाचाही जुळेना. पण हिशेब करताना त्यांच्या आवाजात तुमच्याविषयी जी माया होती, ती तुमच्या हयातीत मी कधी ऐकली नव्हती.

आईचे मात्र वेगळे झाले. तिने तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी तो सरळ करायला गेलो, तर म्हणाली, “ऱ्हाऊं दे तसाच. माज्याकडं बगायला त्यांना तोंड हाय का?” ती रडायची थांबली होती, आणि हे मला तिच्या रडण्यापेक्षा कठीण वाटले. वर्षश्राद्धाला आपण पान वाढणार नाही, असे तिने सांगून टाकले. मी समजलो की तुम्ही जन्मभर जे मिरवलेत ते खोटे निघाले, याचा तिला राग आहे. तेव्हा तुम्ही आयुष्यात दारूला कधीही शिवला नव्हतात हे सिद्ध करायचे, आणि तेही वर्षश्राद्धापूर्वी, असे मी ठरवले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रसायनांच्या कंपनीत नोकरी करतो, पण तिच्या हिशेब खात्यात. मला रेणू कळत नाहीत. परंतु पाठवलेले नग आणि आलेले निकाल यांचा मेळ घालणे एवढे मला येते. तुमच्याकडून तीन नमुने गेले होते: अवयव, रक्त, आणि एका नव्या डॉक्टरबाईंनी डोळ्यातून बारीक सुईने काढलेला द्रव. निकाल दोनच आले होते. तिसऱ्याबद्दल मी अर्ज केला, मग स्मरणपत्र दिले, मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र दिले. आणि अखेर मला बोलावणे आले. बहुधा मला थांबवण्याचा तोच एक मार्ग उरला असावा.

तिथल्या रसायनतज्ज्ञ बाई माझ्याहून वयाने लहान आणि माझ्याइतक्याच काटेकोर होत्या, त्यामुळे आमचे सुरुवातीला मुळीच जमले नाही. तिसऱ्या नळीचा निकाल दुसऱ्या टेबलावर होता आणि जोडायचा राहून गेला होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. शून्य.

“डोळा ही बंद खोली असते,” त्या म्हणाल्या. “माणूस गेल्यावर रक्तात जंतू वाढतात, साखर आंबते, थोडं अल्कोहोल आपोआप तयार होतं. इडलीचं पीठ फुगतं ना, तसं. या रक्ताच्या नळीत ते थांबवणारी पूडही नीट पडलेली नव्हती. डोळ्यात जंतू लवकर पोहोचत नाहीत. पण माणसानं खरंच घेतली असेल, तर ती तिथे गेल्याशिवाय राहत नाही. इथे काही नाही. म्हणजे त्यांनी घेतलेली नव्हती.”

“आणि बरणी?”

“बरणी उघडल्याबरोबर वास आला. अवयव टिकावेत म्हणून मिठाच्या दाट पाण्यात ठेवतात. यांनी स्पिरिटमध्ये ठेवले होते. आम्हाला जे सापडतं ते आम्ही लिहितो. कुठून आलं ते लिहायला रकाना नाही.” मग त्यांनी स्वतःशीच म्हटल्यासारखे विचारले, “पण मीठ का नसावं? मीठ कुठेही मिळतं.”

आबा, तेव्हा मला तो अर्धवट लागलेला दरवाजा आठवला, आणि मी हसू लागलो. सरकारी कचेरीत मोठ्याने हसण्याची माझी ही एकमेव वेळ. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मी त्यांना सांगितले की हे गृहस्थ मिठागराचे मुकादम होते, पावसाळे वगळता चाळीस वर्षे त्यांनी मिठात काढली, आणि आत मीठ संपले तेव्हा त्यांचेच मीठ, एक नंबरचे, बाहेर माझ्या मांडीवर होते. बाईंनी पेन खाली ठेवले. गंभीर राहण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. तो फसला, आणि त्यांनी चहा मागवला.

चहानंतर मी म्हणालो, “तर मग त्यांनी कधीच घेतली नव्हती, असं लिहून द्या.”

“कधीच? डोळा त्या दिवसाचं सांगतो. मी त्या दिवसाचं लिहून देते.”

“आदल्या आठवड्याचं?”

“नाही सांगता येत.”

“निदान ‘सहसा’ असा शब्द…”

“साहेब, बाकीच्या आयुष्याचं आमच्याकडे यंत्र नाही. घरी कोणी आहे ना त्यांचं? त्यांना विचारा.”

मी त्यांचे ऐकले नाही. आईला विचारणे मला जखमेवर बोट ठेवण्यासारखे वाटले. वर्षश्राद्धाच्या दिवशी, मांडवात सगळे जमल्यावर, मी तो कागद घेऊन उभा राहिलो आणि तुमच्या निर्दोषपणाचा निकाल वाचला. टाळ्या पडतील अशी माझी अपेक्षा नव्हती. पण सारा मांडव असा खट्टू होईल असेही वाटले नव्हते. जणू त्यांच्यातला एक माणूस मी काढून नेत होतो.

“डोल्याचं काय सांगतोस?” पाणीवाला पुढून म्हणाला. “डोल्यानं कोन पितो?”

हशा पिकला. मी बंद खोलीचे सगळे पुन्हा समजावले. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, “आसंल. त्या दिशी नसंल घेतली. पन आगर बंद करायच्या दिशी? दर सालाला? पावसाच्या आदी शेवटचा मीठ उचलला का आमी सगली बांदावर बसायचो. तुजा बापूस बी यायचा. खाडीकडं तोंड करून बसायचा. पेला मी सोता भरून द्यायचो. रिकामा परत यायचा.”

“पिताना पाहिलंत?”

“त्याची पाट आमच्याकडं आसायची ना.”

“मग त्यांनी ओतली असेल.”

पाणीवाल्याच्या चेहऱ्यावर खरोखर दुखावल्याचा भाव आला. “माजी दारू ओतली आसती, तर तुजा बापूस गप बसला आसता का रं? आख्ख्या गावाला वरडून सांगितला आसता, पानी ओतला म्हनून.”

तुम्हाला ओळखणाऱ्या कोणालाही हे खोडता आले नसते. मी घाबरून आईकडे पाहिले. ती दारात उभी होती, हाताला पीठ लागलेले, आणि माझ्याकडे नव्हे, पाणीवाल्याकडे पाहत होती.

“ते मला नवीन सांगतोस काय रं?” ती म्हणाली. “दर सालाला त्या दिशी वेलची चगळत घरी यायचे. जल्मात दुसऱ्या कुठल्या दिशी त्या मानसानं वेलची खाल्ली नाय. मी कदी इचारलं नाय, त्यांनी कदी सांगितलं नाय.”

“मग फोटो कशाला फिरवलास?” मी जवळजवळ ओरडलोच.

“आगरावर घेतली तर घेतली. मानसांत बसून घेतली. पन त्या सकाळी माज्यासमोर आंघोळ केली, मीठ बांदलं, ‘येतो गो’ म्हनाले, आनि घोट मारून लेकाकडं गेले, नातवाच्या अंगावर तो वास घेऊन? माजा शेवटचा ‘येतो गो’ खोटा निगाला, असं वाटलं मला.” मग तिने मला विचारले, आणि त्या बाई प्रयोगशाळेत ज्या शब्दाला चिकटून राहिल्या होत्या, नेमका तोच शब्द वापरला. “त्या दिशी घेतली नवती ना?”

“नव्हती. शून्य.”

“मग झालं. मला तेवडाच दिवस पायजे होता.”

ती आत गेली, फोटो सरळ केला, पदराने काच पुसली आणि मग पुष्कळ वेळ रडली. पान तिनेच वाढले. तुमच्या मांडीवरच्या त्या पिशवीतले मीठ तिने आमटीत घातले होते आणि हात जरा सैल सुटला होता. दोन डिग्री तरी जास्त असावे. पाणीवाल्यासकट सगळे मुकाट्याने जेवले.

तुम्हाला जाऊन आता बारा वर्षे झाली. आई आमच्याकडे वरसे येथेच असते. ऐकू कमी येते, वास मात्र पूर्वीसारखाच येतो. आपल्या बाजूची निम्मी आगरे बंद पडून तिथे कोळंबीची तळी झाली आहेत. कंपनीच्या समारंभांत मी आजवर सोड्याचा पेला धरून उभा राहिलो, आणि माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात पाणीवाल्याचा निरोप आला. त्याला आता दोघांनी धरून बांधावर न्यावे लागते. आगर बंद करायचा दिवस होता, आणि “मुकादमाची जागा किती वर्सं मोकळी ठेवायची?” असे त्याने विचारले होते. मी रजेचा अर्ज केला, कारण ‘वैयक्तिक’ असे लिहिले, आणि पेणला गेलो. शेवटच्या मिठाची रास झाकून झाली होती. मला खाडीकडे तोंड करून बसवण्यात आले. पेला त्याने स्वतः भरला. एक थेंब सांडला नाही. पेला रिकामा परत गेला. माझी पाठ त्यांच्याकडे होती, तेव्हा याहून अधिक कोणी सांगू शकणार नाही.

पेणच्या स्टँडवर मी वेलची घेतली. घरी आलो तर आई दाराशीच बसलेली होती. तिने माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा रस्त्याकडे पाहत म्हणाली, “आगर बंद झाला वाटतं.” मी ‘होय’ म्हणून आत गेलो.

हे पत्र तुमच्या फोटोपुढे वाचून दाखवावे, असा विचार होता. पण तो फोटो आईच्या पलंगाच्या वर आहे, आणि जे ऐकू यायला नको ते तिला नेमके ऐकू येते. तेव्हा हे माझ्याजवळच राहील. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण ती दुसऱ्या कोणालाही सांगता येत नाही. आबा, तुमची नळी बरोबर होती. तो अजूनही पाणी फार घालतो.